आधी ओळख, मग औषध

रुग्णालयात आपल्या माणसाच्या खाटेभोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका जमलेला आपण पाहिला असेल. थोरले डॉक्टर समजावून सांगत असतात, मुले वहीत टिपून घेत असतात आणि खाटेवरचे आजोबा एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहतात. आजोबांना नाव असते, गाव असते, घरची काळजी असते. पण ते विचारायला सवड कुणाला?

दोष एकट्या मुलांचा नाही. वर्षानुवर्षे आपल्याकडे डॉक्टरकीचा आरंभ शवविच्छेदनाच्या टेबलापाशी झाला. जिवंत, कण्हणारा, प्रश्न विचारणारा माणूस भेटे तो नंतर.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामने वेगळी वाट धरली. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नव्या विद्यार्थ्याचे पहिले दिवस गांधीजींच्या आश्रमात जातात. पुढे प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेऊन तेथे शिबिर करते आणि प्रत्येकाकडे काही घरे सोपवली जातात. त्या घरी तो पुन्हा पुन्हा जातो. रक्तवाढीच्या गोळ्या लिहून देणे सोपे असते. पण सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या बाईच्या अंगात रक्त कमी का, हे चुलीपाशी बसल्यावरच उमगते.

आता देशभर हीच दिशा धरली गेली आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याची रुग्णाशी गाठ घालून देणे अभ्यासक्रमात आले. पुढे कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रमही आला. मात्र अभ्यासक्रमात छापल्याने माया उपजत नाही. वेळापत्रकातला एक तास म्हणून तो उरकला, तर पहिले पाढे पंचावन्न!

म्हणून थोडे काम आपलेही आहे. उद्या एखादा कोवळा विद्यार्थी खाटेपाशी आला, तर त्याला बसवून घ्या, आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगा. तपासणी नको असेल, तर तसे स्पष्ट सांगा. तो आपला हक्क आहे आणि नकाराचा मान राखणे हाही त्याचा धडाच आहे. आणि नाव न विचारताच त्याने पोटाला हात लावला, तर हसून म्हणा, "अरे बाळा, आधी ओळख, मग औषध!"