लाटणं आणि हंटर

यंदा आठ मार्चच्या कार्यक्रमात भाषणं नकोत, असं आमच्या सांताक्रूझ पूर्वेच्या वस्तीतल्या किशोरी गटाने जाहीर करून टाकलं. त्याऐवजी मुलींनी सुचवलं, "आवडती फाइटवाली हिरॉईन". प्रत्येकीने आपल्या आवडत्या हिरॉईनची एंट्री करून दाखवायची आणि ती का आवडते ते दोन वाक्यांत सांगायचं. मला कल्पना आवडली. खरं सांगायचं तर मी स्वतः मारधाडीचे पिक्चर चवीने बघणारी आहे, पण समाजकार्याची पदवी घेतल्यापासून हे फारसं कुणाला सांगत नाही.

तयारीसाठी बालवाडीच्या खोलीत बसलो तेव्हा मुलींच्या आयाही येऊन बसल्या. मुलींची नावं पटापट आली. 'मर्दानी'मधली शिवानी, 'नाम शबाना'मधली शबाना, एकीला वंडर वुमन व्हायचं होतं. आयांपैकी चौघी-पाचजणींनी एकसुरात सांगितलं, 'खून भरी मांग'ची रेखा! त्यांच्या लहानपणी गणपतीत गल्लीत व्हिडिओ आणायचे, त्यावर तो पिक्चर त्यांनी किती वेळा पाहिला याला गणती नाही. मगरीचा प्रसंग त्यांनी मला हातवारे करून सांगितला. मी म्हटलं, हंटरवाली कुणाला माहीत आहे का? मुली हसायला लागल्या. त्यांना वाटलं, मी कुणाची तरी टिंगल करते आहे. एक म्हणाली, "आमच्या गणिताच्या बाईंना म्हणतात हंटरवाली."

एका नायिकेच्या नावाचं असं झालं आहे. आज आपण हंटरवाली म्हणतो ती आवाज चढवणाऱ्या, दुसऱ्यांना धाकात ठेवणाऱ्या बाईला, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाही. १९३५ साली मात्र 'हंटरवाली' बघायला आपल्याच मुंबईत लोकांची झुंबड उडाली होती. हातात चाबूक, तोंडावर मुखवटा, घोड्यावर मांड टाकलेली राजकन्या. बापाला कपटी वजिराने कैद केलेलं, प्रजेचे हाल चाललेले, म्हणून ती बाहेर पडते. नादिया हे तिचं पडद्यावरचं नाव. मूळची मेरी इव्हान्स, जन्म १९०८ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. लहानपणीच हिंदुस्थानात आली, नाच शिकली, सर्कशीत काम केलं आणि परळला वाडिया बंधूंच्या स्टुडिओत पोचली. पुढे व्ही. शांताराम यांचं राजकमल कलामंदिर उभं राहिलं ते याच जागेत. धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करणं, पुरुषाला उचलून खांद्यावर घेणं, झुंबराला लटकणं हे सगळं ती स्वतः करत असे. 'मिस फ्रंटियर मेल', 'डायमंड क्वीन' असे एकामागून एक पिक्चर आले. १९९६ मध्ये ती मुंबईतच वारली.

आता कुणी म्हणेल, ती गोरी होती म्हणून चाललं. बरोबर आहे. एखादी देशपांडे किंवा शेख आडनावाची मुलगी पँट घालून पुरुषाला उचलून आपटते आहे, हे त्या काळच्या प्रेक्षकाला पचलं नसतं. गोऱ्या बाईने मारलं तर घरच्या लेकीसुनेची अब्रू जागच्या जागी राहते, असा तो हिशेब असावा. तरीही एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नादियाला मारामारी करण्यासाठी आधी उद्ध्वस्त व्हावं लागत नाही. समोर अन्याय दिसतो, ती मध्ये पडते, एवढंच.

पुढच्या नायिकांच्या नशिबात हे नव्हतं. मथुरा प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बायका रस्त्यावर आल्या. १९८० च्या जानेवारीत मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. हिंदी सिनेमाला या सगळ्यात विषय दिसला. त्याच १९८० मध्ये 'इन्साफ का तराजू' आला. झीनत अमानवर बलात्कार होतो, कोर्ट आरोपीला सोडतं, तोच माणूस तिच्या धाकट्या बहिणीवर बलात्कार करतो आणि मग ती बंदूक उचलते. १९८८ च्या 'जख्मी औरत'मध्ये डिंपल कपाडिया चक्क पोलीस इन्स्पेक्टर आहे, पण तिला सुद्धा आधी सामूहिक बलात्कारातून जावं लागतं. त्याच वर्षीच्या 'खून भरी मांग'मध्ये रेखाला तिचा नवरा मगरीपुढे ढकलतो. चेहरा विद्रूप होतो, मग दागिन्यांच्या पैशातून प्लास्टिक सर्जरी, मग सुंदर मॉडेल होऊन परत येणं आणि मग सूड. (बदला घ्यायला सुद्धा आधी देखणं व्हावं लागतं!)

म्हणजे बाईच्या हातात शस्त्र येतं ते सगळं हातातून गेल्यावर. आधी तिची विटंबना भरपूर वेळ, रंगवून दाखवायची, आणि मग शेवटची वीस मिनिटं तिला मारू द्यायचं. प्रेक्षकांत बसलेल्या पुरुषाला दोन्हीची मजा. या नायिकांना सूड मिळाला, पण वेळेवर स्वतःला वाचवणं त्यांना कुणी दिलं नाही. सूड आणि बचाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आयांना समजावून सांगायला मी सुरुवात केली, आणि तिथेच माझी बोलती बंद झाली.

आयांमध्ये एक ताई बसल्या होत्या. त्यांची केस आमच्याकडे आहे. पश्चिमेला तीन-चार इमारतींत धुणीभांडी करतात. नवऱ्याची मारहाण सतरा-अठरा वर्षांची. आम्ही समुपदेशन केलं, नवऱ्याला बोलावून घेतलं, लेखी घेतलं, सगळं रीतसर. चार महिन्यांपूर्वी एका रात्री त्याने मोठ्या मुलीवर हात उगारला. ताई पोळ्या करत होत्या. हातातलं लाटणं त्यांनी त्याला हाणलं. त्याच्या कपाळाला खोक पडली. तो तडक हॉस्पिटलला गेला, टाके घालून घेतले, कागद घेऊन पोलीस चौकीत पोचला. ताई रडणाऱ्या मुलीला जवळ घेऊन घरीच बसलेल्या. त्या रात्री एन.सी. लिहिली गेली ती ताईंच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी पहिलं वाक्य काय बोलले? "ताई, तुम्ही कशाला हात उचललात?"

ते त्यांनी त्या दिवशी बालवाडीत सगळ्यांसमोर काढलं. रागाने नाही, शांतपणे. म्हणाल्या, "ताई, रेखाने मगरीपुढे ढकललं तर तुम्ही सांगता तो सूड. मी तर मगरीपुढे ढकलला नाही. पोरीला मारत होता, तेवढं थांबवलं. तरी तुम्ही मलाच ओरडलात."

मला उत्तर देता आलं नाही. मी का ओरडले ते मला माहीत आहे. आमच्या कामात हा धडा पहिल्या महिन्यात शिकवला जातो: तिने हात उचलला की तिची केस कमजोर होते. "दोघंही मारतात" असं चौकीत म्हणायला जागा होते, सासरचे साक्षीदार तयार होतात. आम्ही सांगतो, मार खाल्ला की लगेच जा, मेडिकल करून घ्या, कागद जपून ठेवा. अनुभवातून आलेला सल्ला आहे, खोटा नाही. पण ही सांगण्याची सवय इतकी लागली आहे की कायद्यात काय लिहिलं आहे तेच आम्ही सांगायचं सोडून दिलं आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराच्या बचावाचा हक्क जुन्या दंडविधानात कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. हल्ला होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी जाऊन मारलं तर तो बचाव धरला जात नाही. पण मुलीवर उगारलेला हात अडवणारी आई त्या हक्काच्या आत येते, असं तिच्या बाजूने ठामपणे मांडता येतं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मी दर बैठकीत समजावून सांगते. ही कलमं मी इतक्या वर्षांत एकाही बैठकीत सांगितली नव्हती. बायका हाताबाहेर जातील अशी भीती मला वाटत होती की काय, हे मी स्वतःला विचारते आहे.

लाटण्यावरून आठवलं. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने मुंबईत लाटणं मोर्चे निघाले. हजारो बायका थाळ्या-लाटणी बडवत मंत्र्यांच्या दारात गेल्या. आपण त्याचे फोटो अभिमानाने प्रदर्शनात लावतो. मी ताईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तेव्हा सगळ्या एकत्र होत्या ना."

हे ऐकून मला दोन गोष्टी सुचल्या. पहिली स्टंटविषयी. पडद्यावर नायिका एकटी दहाजणांना लोळवते तेव्हा तिच्यामागे फाइट मास्टर असतो, दोर धरणारी माणसं असतात, खाली गाद्या असतात. आणि पुष्कळदा पडणारी वेगळीच असते. वर्षानुवर्षं केसांचा टोप नि घागरा चढवून पुरुषच नायिकेच्या जागी उड्या मारत होते. त्या गर्दीत रेश्मा पठाण शिरल्या. 'शोले'मधल्या बसंतीचा टांगा उधळतो, उलटतो, त्या प्रसंगात हेमा मालिनीच्या जागी त्या होत्या, आणि टांगा उलटताना जखमी झाल्या. स्टंट कलाकारांच्या संघटनेतल्या त्या पहिल्या बाई. त्यांच्यावरचा 'द शोले गर्ल' येईपर्यंत २०१९ उजाडलं. बसंती मात्र १९७५ पासून घराघरात आहे. अलीकडच्या गीता टंडन. लहान वयात लग्न, नवऱ्याची मारहाण, दोन मुलांना घेऊन घर सोडलेलं, मिळेल ते काम करत शेवटी स्टंटमध्ये आलेल्या. हे त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितलं आहे. घरात फुकट मार खाल्लेली बाई पडण्याचं शिक्षण घेते आणि पडण्याची मजुरी मिळवते! मुलींना मी हे सांगितलं तेव्हा वंडर वुमन होणारी मुलगी एकदम गप्प झाली आणि मग तिने विचारलं, "हे शिकवतात कुठे?"

दुसरी गोष्ट 'मिर्च मसाला'ची. स्मिता पाटील डिसेंबर १९८६ मध्ये गेली, केतन मेहतांचा हा पिक्चर त्यानंतर १९८७ मध्ये लागला. सुभेदाराच्या तावडीतून पळालेली सोनबाई मसाल्याच्या कारखान्यात आसरा घेते, म्हातारा पहारेकरी दरवाजा लावून घेतो. आतल्या बायकांची धीरोदात्त एकजूट वगैरे काही नाही. हिच्यापायी आपण का मरायचं, असं त्याच म्हणतात, अगदी आपल्या बैठकांमध्ये म्हणतात तसं. आणि शेवटी दरवाजा फुटतो तेव्हा त्याच बायका सुभेदाराच्या डोळ्यांत तिखट फेकतात, सोनबाईला त्याचा हात लागायच्या आधी. ऐंशीच्या दशकातल्या त्या सगळ्या सूडकथांमध्ये हा एक बचावाचा पिक्चर. त्याला कुणी मारधाडीचा पिक्चर म्हणत नाही. माझ्या यादीत तो पहिला आहे.

'मर्दानी'बद्दल मुलींशी माझा वाद झाला. शिवानी मला आवडते. स्वतःवर बलात्कार झाल्यामुळे ती पेटून उठत नाही, तिच्या ओळखीची अनाथ मुलगी पळवली जाते म्हणून ती मागे लागते, आणि शेवटी खलनायकाला त्या मुलींच्याच हवाली करते. म्हणजे २०१४ मध्ये आपण पुन्हा नादियापाशी आलो म्हणायचं! पण नाव 'मर्दानी'. बाई शूर असली की तिला मर्द म्हटल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. मुली म्हणाल्या, "ताई, तुम्ही नावात काय अडकता." असेल. मी अडकते.

दूरदर्शनवरची 'उडान'मधली कल्याणी सिंग त्यांना कुणालाच ठाऊक नव्हती. माझ्याही आईच्या पिढीची ती. मी पाहिली ती २०२० च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा लागली तेव्हा. १९८९ मध्ये ती सुरू झाली. कविता चौधरीने स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली, स्वतः कल्याणी झाली, आणि गोष्ट होती तिच्या बहिणीची, कांचन चौधरी भट्टाचार्य यांची. त्या पुढे २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशात त्या पदावर पोचलेल्या पहिल्या बाई. गंमत अशी की सर्फच्या जाहिरातीत भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या ललिताजी म्हणजे हीच कविता चौधरी. कल्याणी फारशी कुणाला मारत नाही. ती अभ्यास करते, परीक्षा देते, गणवेश चढवते. चौकीतल्या त्या रात्री टेबलापलीकडे कल्याणी असती तर एन.सी. कुणाच्या नावावर झाली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही. गणवेशातली प्रत्येक बाई कल्याणी नसते, हेही इतकी वर्षं चौकीत खेटे घातल्यामुळे माहीत आहे.

आठ मार्चचा कार्यक्रम झाला. शिवानी झाली, शबाना झाली, वंडर वुमनने आईच्या ओढणीचा दोर केला. एका मुलीने हंटरवाली केली, कमरेच्या पट्ट्याचा चाबूक घेऊन, आणि गणिताच्या बाईंचं नाव न घेता. ताई काही झाल्या नाहीत. त्या खुर्च्या लावत होत्या. एन.सी. अजून तशीच आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली त्यांचा अर्ज दाखल झाला आहे आणि मुलीवर हात उगारल्याची हकिगत त्यात आम्ही तारीख-वेळेसकट लिहिली आहे, लाटण्यासकट. आमच्याच संस्थेत यावर दोन मतं होती. लाटण्याचा उल्लेख टाळावा असं काहींचं म्हणणं होतं. ताईंनी तो ठेवायला लावला.

पुढच्या बैठकीत कलम ३४ ते ४४ समजावून सांगायला एक वकील मैत्रीण येणार आहे. त्यानंतर 'मिर्च मसाला' दाखवायचं ठरलं आहे. आपल्यापैकी कुणी वस्तीत किंवा गावच्या गटात तो दाखवला असेल, तर बायका काय बोलल्या, कुठे गप्प झाल्या, ते जरूर लिहून कळवा. चर्चेची तयारी करायला उपयोग होईल.