बिनधुराचा निखारा

गच्चीवर चार मंडळी जमवून कोळशाच्या विस्तवावर वांगीं, कणसें, पनीर भाजण्याची हौस अलीकडे पुष्कळ घरांतून दिसूं लागली आहे. मुलें तिला ‘बार्बेक्यू’ म्हणतात. नांव कांहींहि असो, हौस चांगली आहे. तिच्या निमित्तानें घरांतील पुरुषमंडळींचे हात स्वयंपाकास लागतात, हा लाभ लहान नव्हे. परंतु मुंबईंत १९५५ च्या सुमारास सिलिंडरचा गॅस येऊं लागला, पुढें तो गांवोगांवीं पोंचला, आणि शेगडी माळ्यावर गेली. तिच्याबरोबर विस्तव राखण्याची विद्याहि गेली. आज एखाद्या सुशिक्षित तरुणास शेगडी पेटवावयास सांगितलें, तर तो प्रथम आगपेटी शोधतो, मग रॉकेल, आणि सर्वांच्या शेवटीं घरांतील वडील माणूस. हा क्रम उलटा असावयास हवा.

कोळसा घ्यावयाचा तो लोणारी, म्हणजे लांकडाचा. दगडी कोळशाच्या धुरांत गंधक असतें व तो धूर अन्नास लागतो, म्हणून तो भाजण्याच्या कामीं वर्ज्य. लांकूड अपुऱ्या हवेंत तापविलें कीं त्यांतील पाणी, डांबरी द्रव्यें आणि धूर करणारे वायु निघून जातात व मागें बहुतांशीं कार्बन उरतो. म्हणून चांगला कोळसा वजनास हलका असतो आणि एकावर एक आपटला असतां खणखणतो. कोळशाच्या भुकटीचे एकसारखे ठोकळेहि हल्लीं बाजारांत मिळतात. अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत हेन्री फोर्ड यांनीं मोटारींच्या लांकूडकामांतील टाकाऊ तुकड्यांपासून असे ठोकळे करण्याचा कारखाना मिशिगनमध्यें चालविला होता. व्यवहारी माणसानें भुसाहि वाया जाऊं दिला नाहीं! हे ठोकळे पुष्कळ वेळ एकसारखे जळतात. लवकर पेटावेत म्हणून कांहींत रासायनिक द्रव्य घातलेलें असतें, तेवढे मात्र टाळावेत.

पेटविण्यास रॉकेल नको. त्याचा वास वांग्याच्या पोटापर्यंत जातो, आणि अर्धवट पेटलेल्या कोळशांवर तें वरून ओतलें तर भडका थेट ओतणाऱ्याच्या हातावर येतो. त्यापेक्षां तळाशीं नारळाची सुकी शेंडी व दोन-चार करवंट्या घालून वर कोळसे उभे रचावेत. करवंटी झटकन् पेटते आणि चांगली धग देते. शेगडीचें खालचें तोंड वाऱ्याच्या दिशेस करावें व पंख्यानें सावकाश वारा घालावा. दोन्ही टोकांनीं उघडा असा पत्र्याचा उंच डबा मिळाला, तर कोळसे त्यांत भरून खालून कागद पेटवावा. तापलेली हवा वर जाते, खालून ताजी ओढली जाते, आणि पंख्याचेहि श्रम वांचतात. पांच-सहा मोठ्या वांग्यांना किलोभर कोळसा पुरे होतो.

यापुढें जें करावयाचें तें म्हणजे कांहींच न करणें. आणि नवशिक्यांस हेंच सर्वांत कठीण जातें. ज्वाला दिसली कीं जाळीवर पदार्थ ठेवण्याची घाई होते. त्या ज्वाळेवर वांगें बाहेरून करपतें आणि आंत कच्चें राहतें. वीस ते तीस मिनिटें थांबावें. धूर विरतो, ज्वाला बसते, कोळशांवर पांढुरक्या राखेची साय धरते आणि तिच्याखालीं लाल धग दिसूं लागते. तोच खरा विस्तव. मग चिमट्यानें निखारे एका बाजूस दाट व दुसऱ्या बाजूस विरळ पसरावेत, म्हणजे एकाच शेगडीवर कडक व मंद अशा दोन आंचा मिळतात. आंच पाहण्यास जाळीच्या वर चार-पांच इंचांवर तळहात धरावा. दोन-तीन सेकंदांत हात मागें घ्यावा लागला तर आंच कडक, चार-पांच सेकंद सोसला तर मध्यम, आणि सात-आठ सेकंद राहिला तर मंद समजावी.

आरंभ वांग्यानें करावा, कारण तें नवशिक्याचे पुष्कळ अपराध पोटांत घालतें. वांग्यांत नऊ-दशांशांहून अधिक पाणी असतें. साल हेंच त्याचें भांडें. आंतल्या पाण्याची वाफ होऊन गर स्वतःच्याच रसांत शिजतो. मात्र वाफेस वाट हवी, म्हणून सुरीनें तीन-चार ठिकाणीं टोंचावें, नाहीं तर तें फुटून गर निखाऱ्यांवर उडतो. वरून तेलाचें बोट फिरवून दाट निखाऱ्यांच्या बाजूस ठेवावें व सालीचा रंग पाहून फिरवीत राहावें. देंठाजवळचा भाग चिमट्यानें दाबला असतां मऊ लागला, म्हणजे झालें. नंतर दहा मिनिटें झांकून ठेवावें. साल आपोआप सुटते. ओल्या बोटांनीं ती काढावी. नळाखालीं धुणारी मंडळी मीं पाहिलीं आहेत. तीं भाजल्याचा सगळा स्वाद मोरींत घालवितात. खानदेशांत भरताचीं वांगीं कपाशीच्या काड्यांवर भाजतात, आणि जळगांवच्या भरताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. ज्यांच्या घरीं चातुर्मासांत वांगें वर्ज्य असतें, त्यांना चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याच्या नैवेद्याइतका या धड्यास योग्य मुहूर्त दुसरा नाहीं.

कणसाविषयीं फार सांगणें नको. मध्यम आंच, हलता हात, आणि वर लिंबू, मीठ, तिखट. पनीर दोन-तीन मिनिटांवर ठेवूं नये, तें चिवट होतें. रताळें मात्र घाईचें नव्हे. तें जाळीवर न ठेवतां विस्तव ओसरल्यावर गरम राखेंत पुरावें. सावकाश तापतांना त्याच्या अंगच्याच पाचक द्रव्यानें पिठाची साखर होत जाते, म्हणून उकडलेल्या रताळ्यापेक्षां राखेंतलें गोड लागतें. कोठल्याहि पदार्थाचा तांबूस झालेला भाग रुचकर. पण जो कोळसा झाला तो खरवडून टाकावा. तो कडू तर लागतोच, शिवाय प्रकृतीसहि चांगला नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती. राख धरलेला, बिनधुराचा, शांत निखारा भाजण्यास जितका उत्तम, तितकाच बंद खोलींत घातक असतो. हवा अपुरी पडली कीं कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. दाट निखाऱ्यांवर कधीं कधीं जी निळसर ज्योत नाचतांना दिसते, ती याच वायूची. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक जोरानें तो रक्तांतील हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि माणूस श्वास घेत असूनहि गुदमरतो. डोकें दुखतें, मळमळतें, मग झोंप येते; आणि झोंप आली असें समजून कोणी उठवीत नाहीं. उत्तरेकडे कडाक्याच्या थंडींत दारें लावून शेगडीशेजारीं निजलेलीं अख्खीं कुटुंबें अशीं गेल्याचें वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतें. धुराची माणसास भीति असते, निखाऱ्याची नसते. म्हणून हा अधिक फसवा.

येथें वडील मंडळींस नम्र विनंति आहे. बाळंतिणीच्या खाटेखालीं शेगडी ठेवून शेक देण्याची व बाळास ओव्याची धुरी देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यामागची माया खोटी नाहीं. पण ती चाल ज्या घरांत वाढली त्या घरास कौलें होतीं, कौलांत फटी होत्या, दारें दिवसभर उघडीं असत. आजच्या खोलीच्या खिडक्यांस घट्ट बसणाऱ्या काचा आहेत, आणि गार वारा लागूं नये म्हणून आपण त्या मुद्दाम लावून घेतों. शेगडी तीच, घर बदललें. बाळंतिणीस ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे. काचा लावलेली बाल्कनी हीहि खोलीच समजावी, आणि तेथें शेगडी पेटवूं नये. गच्चीवर पाऊस आला म्हणून पेटलेली शेगडी जिन्यांत आणूं नये. वांगें अर्धें राहिलें तर तें गॅसवर पुरें होईल.

भाजणें झाल्यावर निखाऱ्यांवर भसकन् पाणी ओतूं नये. वाफ व राख तोंडावर उडते. घट्ट झांकणाचा पत्र्याचा डबा विटांवर ठेवून चिमट्यानें निखारे त्यांत टाकावेत व झांकण लावावें. हवा तुटली कीं ते विझतात. मात्र वरून काळा दिसणारा कोळसा आंतून तासन् तास धगधगत राहतो, म्हणून डबा रात्रभर गच्चीवरच, मुलांच्या हातास लागणार नाहीं असा ठेवावा. सकाळीं उघडून विझलेले कोळसे निवडून ठेवावेत. पुढच्या खेपेस ते नव्यापेक्षां लवकर पेटतात. खालीं उरलेली राख चाळून घेतली, तर घरांतील आजीबाई पितळेच्या भांड्यांसाठीं ती मागून घेतील.