धर्म सोडला, आजोबांचे नाव नाही

सोमाली माणसाला आडनाव नसते. स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे अशी तीन नावे असतात. लग्नानंतरही बाई ती बदलत नाही. मग एखाद्या सोमाली मुलीने इस्लाम सोडला, तर त्यांतले कोणते नाव गळते? एकही नाही. न्याहारीचा अंजेरो, म्हणजे आपल्या आंबोळीसारखा आंबवलेल्या पिठाचा पदार्थ, तोच राहतो. १९७२ साली लॅटिन लिपी मिळालेली मायबोली तीच राहते, पाठ असलेली कविताही.

पण सोमालियाच्या २०१२ च्या घटनेने इस्लामला राज्याचा धर्म ठरवून अन्य धर्माच्या प्रचाराला मनाई केली. तेथे धर्म सोडल्याचे उघड बोलणे जिवावर बेतते. परदेशातही घर तुटेल म्हणून कित्येकजण गप्प राहतात.

श्रद्धा बदलली म्हणून मुलीला आई परकी होत नाही. आईनेही मुलीला परके करू नये.