सात दिवसांचा पास, दख्खनची वाट

चार पैसे गाठीला जमले की आपल्याकडे प्रवासाचे बेत ठरलेले असतात. अजमेर, हैदराबाद, मुंबईची हाजी अली, आणि अल्लाहने दिलं तर उमरा. अजमेरला दोन-दोनदा जाऊन आलेली माणसं माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. खुल्दाबाद पाहिलेली मात्र बोटांवर मोजण्याइतकी, आणि नळदुर्ग हे नाव काढलं तर घरातली मोठी माणसंसुद्धा "ते कुठं आलं?" असं विचारतात.

ही नुसती हौसेची गोष्ट नाही. आपण जी जागा पाहत नाही, तिची गोष्ट दुसरे सांगतात. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली. कबर खुल्दाबादला, शेकडो किलोमीटर लांब. त्या दिवसांत मी आपल्याच लोकांना विचारत होतो, ती कबर कशी आहे? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ताजमहालासारखं काहीतरी होतं. उघड्या आभाळाखालची ती साधी कबर आहे, ती जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि त्याच गावात मलिक अंबरची कबर आहे, हे सांगितल्यावर माणसं गप्प होत. टीव्हीवरच्या वादाला उत्तर द्यायचं तर आधी जागा पाहिलेली असावी लागते.

पाहायची कशी? त्याचं उत्तर एसटीकडे १९८८ पासून आहे. 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' हा पास. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. पैसे एकदाच भरायचे आणि तेवढे दिवस एसटीच्या गाड्यांतून हवं तिथं चढायचं, हवं तिथं उतरायचं. साध्या गाडीचा पास वेगळा, शिवशाहीचा वेगळा. साध्या पासावर शिवशाहीत बसता येत नाही. दिवस सलग मोजतात आणि रात्री बारापासून मोजतात. म्हणून संध्याकाळच्या गाडीनं निघणाऱ्याचा पहिला दिवस फुकट जातो. पास आधी काढून ठेवावा आणि पहाटेच्या गाडीनं निघावं.

पण सरसकट सगळ्या घराचे पास काढू नका. आधी कागद-पेन्सिल घ्या. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे पूर्ण तिकिटांची बेरीज पासाच्या दुपटीच्या वर गेली, तरच बाईमाणसाला पास परवडतो, आणि तसं क्वचित होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या दादी-नानींना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकटच आहे. पासष्ट ते पंचाहत्तरमधल्यांना अर्धं तिकीट. उरले कोण? घरातले कमावते पुरुष आणि कॉलेजात जाणारी पोरं. पास त्यांचा काढा, बाकीच्यांची सवलत वापरा. ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात हवं. वाहकाशी वाद घालण्यात प्रवासाची सगळी मजा जाते. आणखी एक. बायकांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. त्यामुळे गुलबर्गा-विजापूरचा मोह या खेपेला आवरावा.

आता वाट. पुण्याहून सुरुवात नगरला करावी. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी याच रस्त्यानं धावली होती. नगर निजामशाहीची राजधानी. किल्ल्याजवळची दमडी मशीद लहान आहे, पण तिच्या दगडावरची नक्षी पाहायला अर्धा तास लागतो. पाथर्डीच्या रस्त्याला डोंगरावर 'चांदबीबीचा महाल' दिसतो. नाव चांदबीबीचं, आत कबर सलाबतखानाची. तिथं जलद गाडी थांबेलच असं नाही, वाहकाला आधी विचारून साधी गाडी धरावी. किल्ला आता लष्कराकडे आहे; तिथंच नेहरूंना १९४२ ते १९४५ कैदेत ठेवलं होतं.

वाटेत पाट्यांची गंमत होते. या मार्गावरच्या तीन जिल्ह्यांची नावं गेल्या काही वर्षांत बदलली. पाटीवर अहिल्यानगर असतं, वाहक 'नगर, नगर' म्हणून ओरडतो आणि शेजारची म्हातारी 'औरंगाबादला किती वाजता पोचल?' असं विचारते. तुम्ही पाटीवरचं नाव नीट वाचा, नाहीतर गाडी समोरून निघून जाईल. दुःख करायचं तर गाडीत बसल्यावर करा.

छत्रपती संभाजीनगरला दोन मुक्काम करावेत आणि सामान तिथंच ठेवावं. पासाची खरी किंमत इथं वसूल होते. दौलताबाद, खुल्दाबाद आणि वेरूळ एकाच रस्त्यावर आहेत, तीसेक किलोमीटरच्या आत. सकाळी दौलताबादला उतरा, किल्ला आणि चाँद मिनार पाहा, पुढची गाडी धरून खुल्दाबादला उतरा. तिथं घाई करू नका. निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुरहानुद्दीन गरीब इथं आहेत. चौदाव्या शतकात ते दिल्लीहून दख्खनला आले आणि इथलेच झाले. मलिक अंबरच्या कबरीपाशी पोरांना घेऊन बसा. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी माणूस निजामशाहीचा कारभारी होतो, मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवतो आणि जिथून तुम्ही सकाळी निघालात ते शहर खडकी या नावानं वसवतो, ही गोष्ट त्यांना तिथंच सांगा. शनिवार असेल तर भद्रा मारुतीला जाणाऱ्यांनी गाड्या भरलेल्या असतात. उभ्यानं जावं लागेल, पण त्या गर्दीत कुणीतरी बुरखेवाल्या आजीला उठून जागा देतंच. दुसऱ्या दिवशी पाणचक्की पाहावी. तिथं ज्यांचा दर्गा आहे त्या पीराचं नाव बाबा शाह मुसाफिर. पास खिशात असलेल्यानं त्यांना सलाम करायलाच हवा.

चौथा दिवस लांबच्या पल्ल्याचा. बीड, धाराशिव, तुळजापूर करत सोलापूर, तीनशेहून अधिक किलोमीटर. यात काही पाहायचं ठरवू नये, खिडकीतून दिसेल ते पाहावं. पाचव्या दिवशी सोलापूरहून नळदुर्ग. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात इब्राहिम आदिलशाहानं महाल बांधला, १६१३ साली. पावसाळ्यात पाणी डोक्यावरून कोसळतं आणि आत कोरडं राहतं. सहाव्या दिवशी पंढरपूर-सांगोल्यावरून मिरज. ख्वाजा शमना मीरांचा दर्गा, तिथल्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत होणारं गाणं आणि सतार बनवणारी घरं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आषाढी-कार्तिकीच्या आणि नवरात्राच्या दिवसांत मात्र या बाजूला येऊ नका. गाड्या यात्रेला वळवतात आणि नेहमीच्या फेऱ्या कमी होतात.

नमाजचं काय, हा प्रश्न हमखास येतो. शरीयतनं मुसाफिराला सोपं करून दिलंय. घरापासून साधारण ७८ किलोमीटरच्या पुढं निघालात की चार रकातींचे फर्ज दोन होतात. जुम्माही मुसाफिरावर बंधनकारक नाही, तरी तो खुल्दाबादला साधता आला तर बघावं. कोकणातले शाफई लोक जोहर-असर एकत्र पढू शकतात. आपण हनफींनी गाडीच्या वेळा त्या हिशेबानं बघायच्या. स्थानकाजवळ मशीद बहुतेक गावांत सापडते, वजूला पाणीही मिळतं.

खरी अडचण राहण्याची. फोनवर 'खोली आहे' म्हणणारा माणूस नाव ऐकल्यावर 'आत्ताच भरली' म्हणतो, हे आपल्यातल्या अनेकांनी अनुभवलंय. म्हणून फोनवर नाव आधी सांगा, खोली नंतर विचारा. रात्री आठ वाजता लेकराबाळांसह दारात उभं राहून नकार ऐकण्यापेक्षा तो दुपारी फोनवर ऐकलेला बरा. दर्ग्यांपाशी मुसाफिरखाना आहे का तेही विचारून ठेवा. पण या भीतीनं घरी बसणं मला मान्य नाही. आपण फिरलो नाही तर लॉजवाल्यालाही आपली सवय होणार नाही.

सातव्या दिवशी मिरजेहून सकाळचीच गाडी धरा. रात्री बारानंतर पास चालत नाही, आणि कराड-साताऱ्याच्या रस्त्यावर गाडी किती वेळ अडकेल ते सांगता येत नाही.