पंचेचाळीस दिवसांचे मौन

जुनी सायकल किंवा जुनी मोटार विकण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. जुने रिव्हॉल्वर विकायचे आहे असे एखाद्या सभ्य गृहस्थाने म्हटले, की मात्र ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात. वस्तुतः परवानाधारकाने आपले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकास खासगीरीत्या विकणे हा आपल्या देशात गुन्हा नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाने तशी मुभा दिली आहे. घेणारा ते शस्त्र बाळगण्यास कायद्याने पात्र असला पाहिजे हे उघडच आहे. त्याखेरीज विकणाऱ्याने आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवावा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे, एवढेच कायदा सांगतो.

तरतूद शहाणपणाची आहे. शस्त्र एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यापूर्वी शासनाला ते पाहण्याची ही एक संधी आहे. परंतु कायदा कळविण्यास सांगतो, त्यावर उत्तर देण्यास कोणालाही सांगत नाही. सारी मेख येथेच आहे.

माझ्या परिचयाच्या एका वयोवृद्ध बागायतदारांचे उदाहरण सांगतो. त्यांच्याजवळ .३२ बोअरचे बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, वडिलांच्या वेळचे रिव्हॉल्वर आहे. मळ्यातली वस्ती सोडून ते मुलाकडे शहरात राहावयास आले. घरात नातवंडे, कपाटाची किल्ली उशाखाली ठेवून झोपण्याचा त्यांना कंटाळा आला. शेजारच्या जिल्ह्यातील एक डॉक्टर जुन्या विलायती शस्त्रांचे शौकीन. त्यांचा परवाना चालू, त्यावर एका शस्त्राची जागाही रिकामी. सौदा ठरला, सूचना पोचली, तिच्या प्रतीवर आवक-क्रमांकाचा शिक्का पडला. ४५ दिवस गेले, पुढे आणखी तितकेच गेले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे विक्रीचा मार्ग मोकळा होता. पण डॉक्टरांच्या जिल्ह्यातील कार्यालय म्हणे, तुमच्याकडील ना-हरकत आणा. आणि इकडील कार्यालय म्हणे, असा दाखला देण्याचा प्रघात नाही. दोघेही कायद्याला भिणारे. मौनाला संमती समजून व्यवहार पुरा करण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

या संशयाला इतिहास आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दावणीला बांधले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. १९५९ चा कायदा स्वतंत्र भारताने केला. परंतु टेबलामागची नजर अद्याप पुरती बदललेली नाही.

आता यातील अर्थकारण पाहू. सर्वसाधारण वस्तू वापराने झिजते आणि तिची किंमत उतरते. विलायती रिव्हॉल्वरचे आपल्याकडे उलटे आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य नागरिकास परदेशी शस्त्र आयात करण्याची वाट बंद झाली. नेमबाज खेळाडूंना तेवढी सवलत राहिली. त्यामुळे अशा शस्त्रांचा देशातील साठा जणू गोठला. त्यातील प्रत्येक जमा झालेल्या किंवा मोडीत निघालेल्या शस्त्रागणिक उरलेल्यांचे मोल चढते. सरकारी कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्वर काढले, त्याची किंमत सुमारे सव्वा लाख रुपये होती. आणि तरीही शौकिनाचे मन बर्मिंगहॅमच्या छापावरच जडलेले असते. या किमतीत पोलादाचा वाटा थोडा. टंचाईचा आणि परवान्याच्या दुर्मिळतेचा मोठा.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन केले आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून चांगला माल बाजारातून हटतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. वर्गात हे शिकविताना मला नेहमी वाटते, की रिव्हॉल्वरच्या बाबतीत अज्ञान दुहेरी आहे. नळी किती झिजली, सिलिंडर घट्ट बसतो की नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. आणि घेणारा कसा माणूस आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. मोटारीत पहिले अज्ञान महत्त्वाचे. शस्त्रात दुसरे.

आणि समान छंद हे अज्ञान झाकून टाकतो. दोन शौकीन भेटले की नळीतील आटे, मुठीवरचे नक्षीकाम, कारखान्याचा शिक्का यांवर तासन्‌तास बोलतात. समोरच्याच्या परवान्याची मुदत संपली आहे काय, त्याचा भाऊबंदकीचा दावा कोर्टात चालू आहे काय, तो हल्ली फार खिन्न असतो काय, हे विचारणे अप्रशस्त वाटते. ‘आपल्यातलाच माणूस’ हा दाखला पुरेसा मानला जातो. शौकिनांना मी गुन्हेगार मानत नाही. परंतु स्नेहभावाने चौकशीची जागा घ्यावी, हे मला मान्य नाही. ती चौकशी त्रयस्थाने करावयाची असते. ४५ दिवस त्यासाठीच आहेत.

अमेरिकेत हे त्रयस्थाचे काम अर्धेच होते. तेथे १९९३ च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक दुकानदाराने ग्राहकाची पूर्वपीठिका तपासावी असे ठरविले. मात्र शस्त्रविक्रीचा धंदा न करणाऱ्या नागरिकाने आपले पिस्तूल त्याच राज्यातील दुसऱ्या नागरिकास विकले, तर संघीय कायदा ही तपासणी सक्तीची करीत नाही. कॅलिफोर्नियाने १९९१ पासून असे खासगी व्यवहारही दुकानदारामार्फतच व्हावेत असा दंडक घातला. पुढे आणखी काही राज्यांनी आपापले निर्बंध आणले. आपण तो मार्ग जसाच्या तसा उचलावा असे मला वाटत नाही. आपल्याकडे शस्त्राची दुकाने मोजकी, आणि तेथील दुकानदार स्वतःच जुन्या शस्त्रांचा गिऱ्हाईक असतो. त्याच्याच हाती तराजू देणे विकणाऱ्यावर अन्याय करणारे ठरेल.

काहींचे म्हणणे असे, की विक्री सुलभ करावीच कशाला? शस्त्रे सरकारजमा व्हावीत. परंतु अशा विक्रीने देशातील शस्त्रांची संख्या एकानेही वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच शस्त्रांची मर्यादा घातली आहे. पूर्वी ती तीन होती. परवाना विकता येत नाही. तो ज्याचा त्याच्याजवळच राहतो. प्रश्न एवढाच, की ज्याला शस्त्र नकोसे झाले आहे त्याच्या कपाटात ते पडून राहावे, की ज्याची शासनाने पडताळणी केली आहे अशाकडे जावे. कायदेशीर वाट तुंबविली म्हणजे शस्त्र नाहीसे होते, हा समज भाबडा आहे.

म्हणून कार्यालयाने ४५ दिवसांच्या आत तारीख-वार लेखी उत्तर दिलेच पाहिजे. नकार असेल तर कारणासह. परवान्यांची नोंद आता संगणकावर राष्ट्रीय पातळीवर होते. तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातील परवान्याची पडताळणी दुष्कर राहिलेली नाही. शस्त्राची सुपूर्दगीही पोलीस ठाण्यातच, क्रमांक ताडून व्हावी. आणि अशी उत्तराची हमी दिल्यावर सूचना चुकविणाऱ्याची गय करू नये. लग्नाच्या वरातीत बेफिकिरीने गोळीबार करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. पात्र खरेदीदारास, पण सूचना न देता शस्त्र विकणाऱ्यास मात्र जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपयांत हल्ली चौघांचे जेवणही होत नाही.

आमच्या बागायतदारांनी अखेरीस रिव्हॉल्वर एका परवानाधारक दुकानदाराकडे ठेवावयास दिले. त्याने ते विकत घेण्याची तयारी दाखविली आहे, डॉक्टरांनी कबूल केलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात. डॉक्टर अधूनमधून फोन करीत, ते आता करीत नाहीत. ठेवीची पावती आणि आवक-शिक्क्याची ती प्रत, दोन्ही परवान्याच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेली आहेत.