सगळंच कसं 'डिस्गस्टिंग'?

हॉस्टेलवर सगळंच 'डिस्गस्टिंग' असतं. मेसची पाणचट डाळ, तुंबलेलं बाथरूम, रूम पार्टनरचे मोजे आणि फर्स्ट इयरच्या पोरांचं रॅगिंगसुद्धा! एकच शब्द सगळीकडे खपवला की डाळ आणि रॅगिंग एकाच मापात जातात.

खरं तर इंग्रजीत शब्दांची टंचाई नाही. 'डिस्गस्ट'च्या मुळाशी लॅटिन 'गुस्टुस' आहे, म्हणजे चव. हा मुळात जिभेचा शब्द. 'रिपग्नंट'च्या मुळाशी आहे 'पुग्नारे', म्हणजे लढणं. जीआरईत २०११ पर्यंत विरुद्धार्थी शब्द विचारायचे, तेव्हा असले शब्द पोरं रात्र रात्र घोकायची. बोलण्यात मात्र उरला 'डिस्गस्टिंग'!

आपल्या मराठीतही किळस वेगळी, चीड वेगळी. किळस आली की माणूस नाक दाबून निघून जातो. चीड आली की थांबतो, जाब विचारतो. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ सालापासून आहे, पण तक्रार करायला कुणीतरी थांबावं लागतं ना?

तेव्हा डाळीला खुशाल डिस्गस्टिंग म्हणा. रॅगिंगला रिपग्नंट म्हणा, नाहीतर सरळ 'नीचपणा' म्हणा. पण नाक मुरडून पुढे जाऊ नका.