वादळाची वाट आणि वेधशाळेची निंदा

वेधशाळेची थट्टा हा आमच्या समाजांत एक निरुपद्रवी करमणुकीचा प्रकार समजला जातो. वेधशाळेनें पाऊस सांगितला म्हणजे छत्री खुशाल घरीं ठेवावी, हा विनोद आमच्या आजोबांनीं केला, वडिलांनीं केला, आणि आतां नातवंडें करीत आहेत. थट्टेपुरतें हें चालूं द्यावें. परंतु समुद्रांतून एखादें चक्रीवादळ किनाऱ्याकडे चाल करून येत असतां, त्याची वाट सांगणारा मनुष्य जेव्हां प्रामाणिकपणें म्हणतो कीं तें येथपासून तेथपर्यंत कोठेंहि येईल, तेव्हां त्या प्रामाणिकपणासच अज्ञान समजून हंसणारा मनुष्य निरुपद्रवी राहत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, अनिश्चित अंदाज हा अपुरा अंदाज नव्हे; वादळाच्या बाबतींत तोच खरा अंदाज होय. त्यांतील अनिश्चितता काढून टाकून ‘एक रेषा काय ती सांगा’ असा हट्ट धरणारे लोक, मग ते वाचक असोत, वृत्तपत्रकार असोत कीं अधिकारी असोत, माणसें बुडविण्यास हातभार लावितात. हें विधान कठोर वाटेल. म्हणून त्याचा पुरावा देणें प्राप्त आहे. तो पुरावा, ही विद्या जेथें सर्वांत पुढें गेलेली आहे त्या अमेरिकेच्या फ्लॉरिडा किनाऱ्यावरच सर्वांत ढळढळीत सांपडतो.

प्रथम तेथील नकाशा कसा तयार होतो तें पाहूं. अटलांटिक महासागरांतील चक्रीवादळांस हरिकेन म्हणतात. मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र अशा वादळाविषयीं दर सहा तासांनीं बातमीपत्र काढतें, आणि २००२ सालापासून त्यासोबत वादळाच्या संभाव्य मार्गाचा एक शंकू नकाशावर काढून देतें. वादळ आज जेथें आहे तें शंकूचें टोंक. तेथून तो पुढील दिवसांकडे रुंदावत जातो. ही रुंदी कोणाच्या लहरीनें ठरत नाहीं. मागील पांच वर्षांत केंद्राचे स्वतःचे अंदाज किती चुकले याचा हिशेब करावयाचा, त्यांपैकीं दोन-तृतीयांश चुका ज्यांत मावतील तेवढें वर्तुळ प्रत्येक वेळेसाठीं आंखावयाचें, आणि तीं वर्तुळें जोडावयाचीं, म्हणजे शंकू झाला. २०२२ च्या हंगामांत एका दिवसाच्या अंदाजाच्या वर्तुळाची त्रिज्या ३९ सागरी मैल होती व पांच दिवसांच्या अंदाजाची २०० सागरी मैल. म्हणजे हा शंकू वस्तुतः वादळाचें चित्र नव्हेच. अंदाज करणाऱ्यांनीं आपल्या गत चुकांचें स्वहस्तें काढलेलें तें चित्र आहे. आपल्या चुकांचा नकाशा काढून तो दर सहा तासांनीं चव्हाट्यावर टांगणारें दुसरें एखादें सरकारी खातें वाचकांच्या पाहण्यांत असेल, तर त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें.

यावरून दोन गोष्टी निघतात, आणि त्या दोन्ही लोक विसरतात. एक, तीनांत एकदां वादळाचा मध्य त्या वर्तुळाबाहेर जाईल, हें शंकू काढणाऱ्यानें आधींच कबूल केलेलें आहे. दुसरी अशी कीं, शंकू सांगतो तें फक्त वादळाच्या मध्याविषयीं. वारा किती दूरवर झोडपील, समुद्र किती आंत घुसेल, यांविषयीं तो मुका आहे. तरीहि शंकूच्या बाहेर राहणारा मनुष्य स्वतःस सुरक्षित समजतो, कडेला राहणारा अर्धा सुरक्षित समजतो, आणि शंकू रुंदावला कीं वादळच फुगलें असें मानणारेहि थोडे नाहींत. या सर्वांवर कडी म्हणजे शंकूच्या मधोमध काढलेली ती बारीक काळी रेषा. तिनें जेवढा घात केला तेवढा शंकूनें केला नाहीं.

२०२२ च्या सप्टेंबरांत कॅरिबियन समुद्रांत ‘इयन’ नांवाचें वादळ उठलें. वादळास स्वतःचे पाय नसतात. नदीच्या पुरांत ओंडका जावा तसें तें सभोंवतालच्या हवेच्या प्रवाहांत वाहत जातें. पूर्वेस अटलांटिकवरील उच्च दाबाचा प्रदेश, पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा, आणि या दोहोंच्या फटींतून उत्तरेस सरकणारें इयन, अशी ती स्थिति होती. पट्टा किती लवकर पोंचतो यावर सारें अवलंबून. अमेरिकेची गणितपद्धति वादळास पश्चिमेकडे ओढीत होती, युरोपची पूर्वेकडे. त्यांत किनाऱ्याची ठेवण अशी कीं वादळ फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यास जवळजवळ समांतर चाललें होतें. समोरून भिंतीवर येणारा चेंडू थोडा वांकडा आला तर हातभर इकडेतिकडे आदळेल. भिंतीच्या कडेनें घासत जाणारा चेंडू तेवढाच वांकडा झाला तर कोठें आदळेल याचा नेम नाहीं. येथें दिशेंतील किंचित् फरकानें किनाऱ्यावरील आघाताची जागा शंभर मैल सरकत होती. एके वेळीं मधली रेषा उत्तर फ्लॉरिडाकडे होती, मग टॅम्पा शहराकडे आली, मग आणखी दक्षिणेस सरकली.

टॅम्पाच्या दक्षिणेस, रस्त्यानें सुमारें सव्वाशें मैलांवर, फोर्ट मायर्स शहर आहे. तें ज्या ली काउंटींत आहे तो प्रदेश या दिवसांत बहुतेक वेळ शंकूच्या आंतच, पण त्याच्या दक्षिण कडेस होता. टॅम्पाच्या बाजूस किनाऱ्यावरील लोकांना घरें सोडण्याचे हुकूम २६ सप्टेंबरला निघाले. ली काउंटींत तो हुकूम २७ तारखेच्या सकाळीं निघाला. समुद्राचें पाणी सहा फूट चढण्याचा संभव शेंकडा दहा इतका दिसला तरी सखल भाग रिकामा करण्याचा विचार व्हावा, असें त्या काउंटीच्याच आपत्तियोजनेंत लिहिलेलें होतें, आणि तो संभव त्याच्या आधींच तेवढा झाला होता, ही गोष्ट पुढें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. २८ सप्टेंबरच्या दुपारीं इयन ताशी दीडशें मैलांच्या वाऱ्यानें कायो कोस्टा या बेटावर चढलें. फोर्ट मायर्सच्या समुद्रकांठीं पाणी दहा ते पंधरा फूट चढलें. सबंध वादळांत दीडशेंच्या आसपास माणसें मेलीं. त्यांतलीं सर्वांत अधिक या एका काउंटींतलीं, पुष्कळ वृद्ध, आणि पुष्कळ बुडून. त्याच दिवशीं टॅम्पाच्या उपसागरांतलें पाणी वाऱ्यानें उलट समुद्राकडे लोटलें जाऊन तळ उघडा पडला होता, आणि लोक त्या चिखलांत फिरावयास उतरले होते! ज्या रेषेकडे सर्वांचे डोळे लागले होते तिच्या टोंकास पाणी आटलें, आणि जिकडे कोणी पाहिलें नाहीं तिकडे घरांच्या छपरांपर्यंत चढलें.

आतां आम्ही विचारतों, चुकलें कोण? ज्यानें ‘या पट्ट्यांत कोठेंहि’ असें सांगितलें तो, कीं ज्यानें पट्ट्याची रेषा करून वाचली तो? आणि हा धडा प्रथमच मिळत होता असेंहि नाहीं. १३ ऑगस्ट २००४ रोजीं ‘चार्ली’ नांवाचें वादळ असेंच टॅम्पाच्या रोखानें निघालें होतें. कांहीं तासांत त्यानें बळ धरलें, उजवीकडे वळलें, आणि कायो कोस्टा बेटावरूनच आंत शिरून पुंटा गोर्डा गांव उध्वस्त केलें. तें गांव शंकूंत होतें; धोक्याची सूचनाहि तेथें लागू होती; परंतु लोक रेषा पाहत होते. बारीक रेषेकडे पाहूं नका, असें हरिकेन केंद्राचे लोक तेव्हांपासून कानींकपाळीं ओरडत आले आहेत. अठरा वर्षांनीं तेंच बेट, तीच टॅम्पा, आणि तीच रेषा.

येथें प्रतिपक्षाचें एक म्हणणें खरोखर वजनदार आहे, आणि तें टाळणें आम्हांस शोभणार नाहीं. तो म्हणेल, शेंकडा दहा संभवावर लाखों लोकांना घराबाहेर काढावयाचें हें तुम्हांला सोपें वाटतें काय? नाहीं. २००५ च्या सप्टेंबरांत, न्यू ऑर्लीन्स बुडून महिनाहि झाला नव्हता तोंच, ‘रीटा’ वादळाच्या धास्तीनें ह्यूस्टन व आसपासच्या प्रदेशांतून पंचवीस लाखांवर माणसें एकदम रस्त्यांवर आलीं. गाड्या तासन्‌तास जागच्या हलेनात. उन्हानें, गर्दीनें व अपघातांनीं शंभराच्या आसपास माणसें दगावलीं. वृद्धाश्रमांतील रुग्णांना घेऊन निघालेल्या एका बसला आग लागून तेवीस जण जळून मेले. वादळ मात्र पूर्वेस वळून टेक्सास व लुइझियाना यांच्या सीमेजवळ किनाऱ्यास लागलें. पळण्यानेंच माणसें मारलीं, हा आरोप खरा आहे. पण त्यावरून निघतें तें एवढेंच कीं, कोणीं, कोठून, किती दूर जावयाचें याची तजवीज अनिश्चितता गृहीत धरूनच आगाऊ केलेली असावी. समुद्राच्या पाण्यापासून ज्यांना भय नाहीं त्यांनीं रस्ते अडवूं नयेत. अंदाज सांगणाऱ्यानें खोटी खात्री द्यावी, असें त्यावरून कोणत्याहि तर्कशास्त्रानें सिद्ध होत नाहीं.

खोट्या खात्रीची फळें पाहावयाचीं असतील तर १९०० सालच्या गॅल्व्हेस्टनकडे पाहावें. क्यूबा बेट त्या वेळीं अमेरिकेच्या लष्करी अंमलाखालीं होतें. हवाना येथें फादर बेनितो व्हिन्येस यांनीं बेलेनच्या वेधशाळेंत ढगांच्या निरीक्षणावरून वादळाची चाल ओळखण्याची विद्या १८७० नंतरच्या दशकांत उभी केली होती, आणि ते १८९३ त वारले तरी त्यांची परंपरा तेथें जिवंत होती. वॉशिंग्टनच्या हवामान खात्यास ही परंपरा मानवेना. क्यूबाचे लोक उगीच घाबरवितात, असें म्हणून त्यानें तेथील वादळविषयक तारांवर बंदी आणविली. सप्टेंबरांत जें वादळ क्यूबावरून गेलें तें फ्लॉरिडाकडून वळून अटलांटिकच्या बाजूस जाईल, असें वॉशिंग्टननें धरून ठेवलें. तें मेक्सिकोच्या आखातांत शिरलें आहे असें हवानाचे निरीक्षक समजत होते. ८ सप्टेंबर रोजीं तें टेक्सासच्या किनाऱ्यावरील गॅल्व्हेस्टन शहरावर आलें. मृतांचा आंकडा सहा हजारांहून कमी कोणी धरीत नाहीं. आठ हजार धरणारे पुष्कळ आहेत. वॉशिंग्टनपाशीं ज्ञान हवानाहून कमी होतें असें नव्हे. शंका कमी होती.

हा रोग जुन्या काळाबरोबर गेला असें समजूं नये. २०१९ सालीं ‘डोरियन’ वादळ येत असतां अलाबामा राज्यासहि धोका आहे असें अध्यक्ष ट्रंप यांनीं जाहीर केलें. बर्मिंगहॅमच्या हवामान कचेरीनें तसा धोका नाहीं म्हणून तात्काळ सांगितलें. तीन दिवसांनीं अध्यक्षांच्या कचेरींत जो नकाशा लोकांस दाखविण्यांत आला, त्यांत शंकूच्या टोंकास काळ्या शाईनें एक पुरवणी जोडून अलाबामाचा कोपरा आंत घेतलेला होता! आणि पुढें वरिष्ठ खात्याकडून सहीविना एक पत्रक निघालें, त्यांत दोष दिला गेला तो बर्मिंगहॅमच्या कचेरीस.

असो. आपल्याकडे या. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ कोंकणावर आलें. हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ, असें भारतीय हवामान खात्यानें आदल्या दिवशीं सांगितलें होतें. मुंबईकरांनीं त्यांतून एकच शब्द ऐकला, आणि तो म्हणजे मुंबई. वादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यास लागलें. मुंबई वांचली, आणि संध्याकाळच्या आंत ‘उगीच घाबरविलें’ अशी कुजबुज सुरू झाली. श्रीवर्धन हरिहरेश्वराच्या उत्तरेस आहे. म्हणजे सांगितलेल्या पट्ट्याच्या आंत, त्याच्या दक्षिण कडेस. फोर्ट मायर्सचीच जागा! दिवेआगर, मुरूड, दापोली, मंडणगड या बाजूंस पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांवरचीं कौलें व पत्रे उडाले, विजेचे खांब वांकले. त्या बागाइतदारांना जाऊन कोणी सांगावें कीं अंदाज फसला!

विद्येची प्रगति झाली नाहीं असें म्हणणाऱ्यांस एवढेंच सांगणें पुरें कीं, अटलांटिकमध्यें १९९० च्या सुमारास एका दिवसाच्या अंदाजांत जेवढी चूक होई, जवळजवळ तेवढीच आज तीन दिवसांच्या अंदाजांत होते. वादळाच्या पोटांत विमानें घालून वारा व दाब मोजणारीं माणसें यासाठीं जीव धोक्यांत घालतात. पण चूक शून्यावर येणार नाहीं, आणि ती येईपर्यंत आम्ही हंसूं, असें म्हणणाऱ्या गृहस्थांनीं एकदां आपल्या श्रद्धास्थानांकडेहि पाहावें. पंचांगांतला ज्योतिषी कधीं शंकू काढीत नाहीं. नक्षत्राचें वाहन बेडूक असेल तर पाऊस, इतकें स्वच्छ तो सांगतो, आणि त्याच्या मागील पांच वर्षांच्या चुकांचा हिशेब त्याला कोणी विचारीत नाहीं. ज्यानें हिशेब स्वतः मांडला त्याचीच तेवढी फजिती करावयाची, हा कोठला न्याय?

हरिकेन केंद्राकडेहि आमची एक तक्रार आहे. रेषा पाहूं नका असें वर्षानुवर्षें सांगावयाचें आणि रेषा काढीतहि राहावयाचें, यांत मेळ नाहीं. त्यांचा नकाशा रेषेसह व रेषेविना, अशा दोन्ही रूपांत मिळतो. दूरचित्रवाणीवाले व वृत्तपत्रें मात्र बहुधा रेषेचाच उचलतात, कारण रेषेविना नकाशा लोकांस रिकामा वाटतो. आणि रेषा दिसली नाहीं कीं, आमच्या गांवाचें काय तें सांगा, असें ते विचारूं लागतात.